तोंड धुऊन या, मग गा!

गाणं कानांनी ऐकायचं असतं, अशी आमच्या पिढीची एक भाबडी समजूत होती. रेडिओ कपाटावर असायचा, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असायचा आणि आम्ही खाली सतरंजीवर. मुंबई ब केंद्रावर गाणाऱ्या बुवांचं नाक सरळ आहे की बसकं, झब्बा रेशमी आहे की खादीचा, याची चौकशी करायची सोय नव्हती. फारच हौस असली तर डिसेंबरात मफलर गुंडाळून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जावं आणि मांडवाच्या पार मागच्या टोकाला बसून, पुढच्याच्या माकडटोपीआडून, अंगठ्याएवढे दिसणारे भीमसेन जोशी मोठ्या भक्तीने पाहावेत. अंगठ्याएवढे का होईना, पण दिसले याचं अप्रूप! घरी आल्यावर आठ दिवस भेटेल त्याला सांगत सुटायचं, "समोर बसून ऐकलं हो!"

हीच जनता आता जुन्या मैफिलीची चित्रफीत पाहते आणि म्हणते, "गाणं झकासच आहे, पण पिक्चर क्वालिटी बरी नाही."

आमचं भांडण या 'पण'शी आहे.

गेल्या काही वर्षांत जुन्या मैफिलींची चित्रमुद्रणं बाहेर येऊ लागली आहेत. काही दूरदर्शनच्या संग्रहातून आली, आधी डीव्हीडीवर आणि मग इंटरनेटवर. काही रसिकांच्या माळ्यावरच्या ट्रंकांतून आली. मल्लिकार्जुन मन्सूर १९९२ साली गेले, कुमार गंधर्वही त्याच साली. आज तिशीत असलेल्या माणसाला हे दोघे बसून गाताना पाहायचे असतील तर या फितींवाचून दुसरा इलाज नाही. तो बिचारा पाहतो आणि भारावतो. तक्रार करतो तो साठीपुढचा, ज्याने त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं आहे; निदान ऐकलेलं आहे असं ठोकून देण्याइतकं ज्याचं वय आहे.

आमचे साडू या पंथाचे. त्यांनी मध्यंतरी पासष्ट इंची टीव्ही घेतला. पासष्ट इंच म्हणजे किती, तर दिवाणखान्यातून बाल्कनीत जाताना बातम्या देणाऱ्या बाईंना आपला खांदा लागतो. त्या टीव्हीच्या उद्घाटनाला आम्हांला सहकुटुंब बोलावलं आणि एका थोर बुवांची सत्तरच्या दशकातली कृष्णधवल मैफील लावली. बुवांनी षड्ज लावला आणि साडूंनी रिमोट उचलला.

"जरा अंधार वाटतो, नाही?"

उजेड वाढवला. बुवा उजळले, मागची भिंतही उजळली आणि दोन्ही एक झाले.

"आता फार पांढरं झालं हो," थोरली मेव्हणी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही पोहे घ्या, हे होईल आत्ता नीट."

मग साडूंनी रंग वाढवला. कृष्णधवल चित्रात रंग वाढवून वाढवून काय वाढणार? बुवा किंचित हिरवे झाले. मग त्यांना 'सिनेमा'त घातलं, मग 'गेम'मध्ये, शेवटी 'स्पोर्ट्स'मध्ये. तिथे ते असे काही गुळगुळीत हलू लागले की ख्याल गात नसून सासू-सुनांच्या मालिकेत सासऱ्याचं काम करताहेत असं वाटावं. विलंबित संपून द्रुत सुरू झालंय, हे आम्हांला तबल्यावरून कळलं. कोपऱ्यात आमचे सासरे बसले होते. नव्वदीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. ते डोळे मिटून बसले होते, ते एकदम म्हणाले, "इथे कापलंय."

"काय कापलंय, अप्पा?"

"अंतरा कापलाय मेल्यांनी. अर्ध्यातनं थेट द्रुतात उडी मारलीन्. मागे घे."

साडू म्हणाले, "अप्पा, क्वालिटीच तशी आहे हो तिची."

म्हणजे अंतरा गेला त्याची दाद नाही, फिर्याद नाही. बुवांच्या झब्ब्याच्या गुंड्या मोजता येत नाहीत याचं दुःख!

आता या अंधुकपणाची कुळकथा जरा पाहू. मुंबईला दूरदर्शन केंद्र निघालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंग आले १९८२ साली, एशियाडच्या वर्षी. तेव्हा त्याआधीचे बुवा दूरदर्शनवर काळे-पांढरेच असणार; ते तसे होते म्हणून नव्हे, टीव्ही तसा होता म्हणून. आपल्या टीव्हीचं चित्र सहाशे पंचवीस ओळींचं, त्यातल्या प्रत्यक्ष चित्राच्या पाचशे शहात्तर. लाकडी दारांच्या वीस इंची खोक्यात, अख्ख्या चाळीने रविवारी दाटीवाटीने बसून पाहायला त्या ओळी पुरून उरत होत्या. आता साडूंच्या टीव्हीवर ओळी आहेत दोन हजार एकशे साठ. पाचशे शहात्तर ओळींचे बुवा तिथे चढवायचे म्हणजे एकेका ओळीची पावणेचार ओळींत पांगापांग. एका ठिपक्याने जिथे सुखाने संसार केला, तिथे आता पंधरा ठिपके राहायला आले. चार माणसांच्या कणकेत वऱ्हाडाच्या पोळ्या लाटायच्या आणि पातळ झाल्या म्हणून गव्हाला नावं ठेवायची, यातला हा प्रकार आहे.

शिवाय त्या वेळच्या कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत. चमकणारी वस्तू हलली की मागे उजेडाचं शेपूट उमटायचं. गाणाऱ्या बाईंनी तानेबरोबर मान फिरवली की त्यांच्या नाकातली चमकी धूमकेतूसारखी पडद्यावरून जायची. याला लोक आता 'डिफेक्ट' म्हणतात. आम्हांला तर ती तान डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. पण ते राहू द्या.

खरी गोष्ट अशी आहे की अंधुक चित्र ही चैनीची तक्रार आहे. कारण तिच्यासाठी आधी चित्र असावं लागतं! भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्वांचे गुरू, मास्टर कृष्णरावांचे गुरू. त्यांच्या गाण्याच्या कथा आपण तीन पिढ्या एकमेकांना सांगतो आहोत आणि त्यांच्या आवाजाची एक तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ सालापर्यंत होते. तोवर गल्लोगल्ली ग्रामोफोन वाजत होते, रेडिओ आलेला होता, आणि त्यांचाही आवाज कुठे नाही. साडूंच्या हिशेबाने या दोघांची क्वालिटी सर्वोत्तम म्हणायला पाहिजे. एक रेघ नाही, एक डाग नाही. स्वच्छ!

अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांच्या 'जात कहाँ हो' या भैरवीची तबकडी ऐकली नसेल असा रसिक नाही. ती गाणी निवडणाऱ्यांनी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घातली, दोन्ही यानांवर, आणि त्याच वर्षी बाई वारल्या. आता ते गाणं सूर्यमालेच्या पलीकडे निघालेलं आहे. त्या तबकडीत शंभरावर चित्रंही आहेत, पण बाईंचं नाही. उद्या परग्रहावरच्या कुणाला ती सापडलीच आणि तो नेमका आमच्या साडूंच्या भाऊबंदांतला निघाला, तर भैरवी संपल्यावर तो काय विचारील, हे सांगायला ज्योतिषी नको.

टेपा पुसण्याचा विषय काढला की लोक आपल्याकडच्या सरकारी खात्यांना शिव्या देतात. टेपा महाग होत्या आणि त्या पुसून पुसून पुन्हा वापरल्या जात, हे खरंच आहे. एखाद्या मैफिलीवर पुढे कृषिविषयक परिसंवाद चढला असेल. खतांचं महत्त्व आम्हीही जाणतो. पण ही अक्कल फक्त आपल्याकडेच होती असं मानू नका. साहेबाच्या देशात बीबीसीने तेच केलं. १६ जून १९६६ रोजी बीटल्स मंडळी 'टॉप ऑफ द पॉप्स'च्या स्टुडिओत स्वतः येऊन गेली. जगातलं सगळ्यांत गाजलेलं चौकडं, आणि बीबीसीने ती टेप ठेवली नाही. पुढे २०१९ साली कळलं की त्या संध्याकाळी एका घरात कुणीतरी आठ मिलिमीटरचा घरगुती कॅमेरा टीव्हीसमोर धरून काही सेकंद टिपले होते. आवाज नाही, पडदा लुकलुकतोय, तरी बातमी देशभर झाली. त्या कॅमेरेवाल्याने त्या वेळी 'छे, क्वालिटी काही बरी येणार नाही' म्हणून कॅमेरा खाली ठेवला असता, तर तेवढंही राहिलं नसतं.

याच बीटल्सच्या दुसऱ्या एका प्रकरणात धुलाईचे परिणाम पाहायला मिळतात. जानेवारी १९६९ मध्ये त्यांच्या तालमींचं जवळजवळ साठ तासांचं चित्रण झालं होतं, सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर. त्यातून पीटर जॅक्सन यांनी २०२१ साली 'गेट बॅक' ही मालिका केली. सरमिसळ झालेले आवाज संगणकाकडून सुटे करून घेतले, ही तर जादूच. पण चित्र घासूनपुसून असं लख्ख केलं की पुष्कळ चाहते कळवळले. त्यांचं म्हणणं, पोरांचे गाल मेणाचे झाले! बाकीचे म्हणाले, काल काढल्यासारखं दिसतंय, आणखी काय पाहिजे? भांडण चांगलं जुंपलं. पुढे २०२४ साली त्याच चित्रणातला १९७० चा 'लेट इट बी' दुरुस्त होऊन आला, तेव्हा त्यात फिल्मचा दाणा बऱ्यापैकी राहू दिलेला होता.

हा दाणा म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो. फिल्मवर दिसणारे बारीक कण ही चित्रावर बसलेली धूळ नव्हे. चित्रच त्या कणांचं झालेलं असतं. ते पुसून चित्र स्वच्छ करा म्हणणं म्हणजे रांगोळीतले कण झाडून रांगोळी स्वच्छ करा म्हणण्यासारखं आहे. झाडल्यावर राहील ती फरशी. सुंदर राहील, पण फरशी.

बीटल्सकडे निदान जॅक्सनसाहेब होते, आणि मूळ फिल्म जपून ठेवलेली होती. आमच्या बुवांच्या वाट्याला कोण येतं? कुणीतरी हौशी माणूस येतो आणि संगणकाच्या कृत्रिम बुद्धीला सांगतो, "बुवांना जरा चकाचक कर." ही बुद्धी फार आज्ञाधारक. तिला जिथे दिसत नाही तिथे ती कल्पनेने भरते. मी स्वतः पाहिलेल्या एका फितीत तंबोऱ्याच्या चार तारांची एक सपाट पट्टी झालेली होती आणि ती छेडणाऱ्या हाताला बोटं किती, हे दर मात्रेला बदलत होतं. बुवांच्या चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणांची इस्त्री झालेली. तोंडात कवळी बसवलेली. आयुष्यभर पान खाल्लेल्या माणसाला असे दात देणं ही अब्रुनुकसानी आहे. आणि वर लोक म्हणतात, "वा! आता कसे स्पष्ट दिसतात!" कोण दिसतात? बुवा तर पुसले गेले. हा संगणकाने काढलेला कुणी तोतया आहे, सदाशिवरावभाऊंच्या तोतयाइतका अस्सल!

याहून साधा आणि जास्त घातक इलाज म्हणजे कात्री. जुनं चित्र चौकोनी, चारास तीन. नवा टीव्ही आडवा पसरलेला. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या की आमच्या लोकांना आपण पैसे दिलेली जागा वाया जातेय असं वाटतं. मग चित्र रुंदीला भरेपर्यंत फुगवतात आणि वरचं खालचं कापतात. हिशेब केला तर चित्राचा एक चतुर्थांश जातो. मैफिलीच्या चित्रात वर काय असतं? तंबोऱ्याच्या खुंट्या. आणि खाली? तबला-डग्गा, नि हार्मोनियमच्या पट्ट्यांवरची बोटं. म्हणजे पट्ट्या भरून निघाल्या आणि साथ गेली. तबलजी नुसते खांदे उडवताना दिसतात, जणू त्यांना कशाशीच देणंघेणं नाही. काही जण कापत नाहीत, ताणतात. त्यांच्या घरी सगळे गवई सुखवस्तू.

हे का करतात? तुम्ही-आम्ही 'क्वालिटी बरी नाही' म्हणतो म्हणून करतात.

आम्ही चित्राच्या विरुद्ध आहोत असं कृपा करून समजू नका. सरोद शिकणाऱ्या मुलाला उस्तादांची डाव्या हाताची नखं तारेवर कुठे पडतात ते दिसलं नाही, तर त्याची तक्रार आम्ही उभं राहून ऐकू. कुमारांचा चेहरा, किशोरीताईंचं स्वरमंडळावरून फिरणारं बोट, समेच्या आधी बुवा तबलजीकडे टाकतात तो कटाक्ष, हे आवाजाच्या टेपेत येत नाही. मोठं मोलाचं आहे ते. पण ते दिसायला मुळात कॅमेरा तिकडे वळलेला असावा लागतो. १९६७ च्या जूनमध्ये अमेरिकेत मॉन्टरे इथे रविशंकर वाजवायला बसले. त्या महोत्सवाचा पेनेबेकर यांचा चित्रपट १९६८ साली आला. सोळा मिलिमीटरची फिल्म, दाणा भरपूर. शेवटचं सुमारे अठरा मिनिटांचं वादन त्यांचं. त्यातली कितीतरी मिनिटं कॅमेरा सतारीकडे जातच नाही. तो लोकांत हिंडतो. कुणी झोपलंय, कुणी फुलं माळून बसलंय, मधेच गर्दीत जिमी हेंड्रिक्स दिसतो. अलारखाँचा तबला ऐकू येतोय आणि आपण माणसं पाहतोय. मग रविशंकर येतात नि पुढे झाल्यावर सगळी माणसं उठून उभी! त्या चित्राचा दाणा कुणाच्या ध्यानात येत असेल तर त्याने डोळ्यांच्या नव्हे, दुसऱ्या डॉक्टरकडे जावं.

तेव्हा तक्रार करायचीच असेल तर हव्या तेवढ्या जागा आहेत. फितीवर साल का नाही? तबल्यावर कोण होतं त्याचं नाव का नाही? मागे तंबोऱ्यावर एक काटकुळा पोरगा मान खाली घालून बसलेला असतो, तो पुढे वीस वर्षांनी स्वतः पंडित झालेला असतो, आणि त्याचा उल्लेख नाही. यमनकल्याण म्हणून लावलं आणि शुद्धकल्याण निघाला, असे प्रकार आहेत. पंचावन्न मिनिटांच्या रागाची अठरा मिनिटं का केली आणि उरलेली सदतीस कुठे आहेत? हा प्रश्न विचारायला डोळे लागत नाहीत. आमच्या सासऱ्यांनी तो डोळे मिटून विचारला. पण अशा तक्रारीला गाणं ऐकावं लागतं, ही अडचण आहे. क्वालिटीला नाव ठेवायला आवाज बंद असला तरी चालतो.

आणि या नावं ठेवण्याची किंमत कोण मोजतं ते ऐका. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. ऐंशीच्या दशकात त्यांनी आपल्या आळीतल्या गणेशोत्सवाच्या मैफिली भाड्याच्या कॅमेऱ्याने टिपून घेतल्या. चौदा व्हीएचएस टेपा. कोण कोण गाऊन गेलंय याची यादी त्यांच्याकडे वहीत आहे, तारखेसकट, साथीदारांसकट, शेवटी मानधनाचे आकडेसुद्धा. त्यातली एक टेप त्यांनी हौसेने चार जाणकारांना दाखवली. जाणकारांनी पहिल्या पाच मिनिटांत अभिप्राय दिला, "अहो, ही तर भुतं दिसताहेत!" तेव्हापासून टेपा ट्रंकेत. "लोक नावं ठेवतात हो, बुवांच्या नावाला बट्टा नको," हे त्यांचं म्हणणं. बुवांच्या नावाला बट्टा लागत नाहीये, टेपांना बुरशी लागतेय. मुंबईचे पस्तीस-चाळीस पावसाळे त्या ट्रंकेने काढले आहेत. व्हीएचएसचं यंत्र बनवणारी शेवटची जपानी कंपनीसुद्धा २०१६ साली थांबली. युनेस्कोने आणि ध्वनिचित्र संग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ सालीच बजावून ठेवलं होतं की टेपा आहेत तर उतरवून घ्या. २०२५ च्या सुमारास वाजवायला यंत्र मिळणार नाही आणि दुरुस्तीला माणूस मिळणार नाही. हा इशारा ट्रंकेपर्यंत पोचलेला नाही. भुतांचा अभिप्राय मात्र त्याच दिवशी पोचला.

आम्ही त्या गृहस्थांच्या मागे तीन महिने लागलो होतो. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून एक जुनं यंत्र मिळालं, त्याचं हेड स्पिरिटने पुसून झालं आहे आणि टेपा फॅनखाली वाळवून झाल्या आहेत. पहिली टेप चालवून पाहिली. डाव्या बाजूला पूर्ण वेळ एका गृहस्थांची टाळू आहे. उजवीकडे टेबलफॅन फिरतो. मधल्या फटीत बाई गातात. दर थोड्या वेळाने चित्रावरून एक पांढरी रेघ खालून वर जाते. त्या टाळूला कात्री लावायची नाही, असं मी वहीत पहिल्या पानावर लिहवून घेतलं आहे. तिच्या डोलण्यावरून सम कळते.

येत्या रविवारी दोन तास अखंड लावायचं ठरलंय. साडूंनाही बोलावलं आहे. रिमोट अप्पांच्या हातात राहील.